झाडावर चढायचं तर किती खर्च येतो?

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या आवारात फांद्या छाटायची कामं निघतात. तीन-चार माणसं येतात. सोबत बांबूची शिडी, कोयता, करवत आणि कमरेला गुंडाळलेली नायलॉनची दोरी. ही दोरी बहुतेक वेळा फांदी बांधून खाली सोडण्यासाठी असते. माणसाला धरून ठेवायला काहीच नसतं. हा धंदा नव्याने करू पाहणाऱ्या तरुणांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्यांसाठी हा हिशोब मांडतो आहे. किमती अंदाजे आहेत. दुकान, बनावट आणि वर्षानुसार त्या बदलतील. खरेदीचा क्रम मात्र बदलू नका. आधी जीव सांभाळणारं सामान घ्यायचं, मग लाकूड कापणारं. आपल्याकडे नेमकं उलट होतं: पंधरा-वीस हजारांची चेनसॉ आधी येते आणि पट्टा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहतो.

सुरुवात दोरापासून करू. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी माणसासाठी नाही. उन्हाने ती ठिसूळ होते, घर्षणाने वितळते. हवा तो आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला, कमी ताणला जाणारा ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा दोर. सह्याद्रीतल्या कातळांवर चढाई करणाऱ्यांना सामान पुरवणारी दुकानं तो मीटरवर कापून देतात. तिथेच एक चूक होते. कातळावर पुढे चढणारा वापरतो तो दोर झटका सोसण्यासाठी मुद्दाम ताणला जाणारा असतो. झाडावर तो रबरासारखा खालीवर झुलवतो. म्हणून ‘स्टॅटिक’ किंवा ‘सेमी-स्टॅटिक’ असं सांगूनच मागा. मीटरला १०० ते २०० रुपये पडतील. लांबीचा हिशोबही नीट करा. दोर फांदीवरून टाकून दोन्ही पदर खाली येतात, म्हणजे ४० फुटांवरच्या फांदीला ८० फूट इथेच संपले. गाठी आणि शिल्लक धरून १०० फूट हवेतच. ४५ मीटरचा एक दोर घेतला की शहरातली बहुतेक झाडं त्यात बसतात. खर्च साडेचार ते नऊ हजार.

आता गाठ. इथे पैसा जवळजवळ लागत नाही, पण सगळं काम तिच्यावर चालतं. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे असे घ्यायचे की हाताने ढकलले तर गाठ सरकेल आणि वजन पडलं की दोराला आवळून धरेल. यातली सगळ्यांत सोपी प्रूसिक. दोरीचं कडं करायचं, मुख्य दोराभोवती त्याच्याच पोटातून तीन वेळा फिरवायचं. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ती मांडली. आपले गिर्यारोहकही तिला याच नावाने ओळखतात. कड्याची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, नाहीतर पकड येत नाही. झाडकामात दुसरी गाठ चालते ती ब्लेक. तिला वेगळी दोरी लागत नाही, दोराच्या टोकानेच बांधता येते: खालून वर चार वेढे, मग टोक खाली आणून मुख्य दोरामागून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर. टोकाला आठच्या आकाराची गाठ मारायचीच. ब्लेक चुकली तरी दिसायला जवळजवळ तशीच दिसते आणि वजन पडल्यावर सुटते. म्हणून जाणत्या माणसाकडून शिका आणि पहिले काही दिवस जमिनीपासून दोन फुटांवर लटकूनच सराव करा.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. नायलॉनचं तसं नाही. वरून सरसर घसरत खाली आलात तर गाठीतली दोरी घर्षणाने तापते आणि वितळून चकचकीत, कडक होते. असं दिसलं की तो तुकडा त्याच दिवशी टाकून द्या. नवी दोरी दोनशे-पाचशे रुपयांत येते. ॲरामिड धाग्याची दोरी महाग असते, पण ती वितळत नाही; रोजचं काम असेल तर तीच परवडते.

पट्ट्याच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त होते. बांधकामावर दिसणारा, पाठीवर एकच कडी असलेला फुल बॉडी हार्नेस दीड-दोन हजारांत मिळतो. तो पडताना अडवायला बनवलेला आहे, बसून काम करायला नाही. त्यात नुसतं लटकून राहिलं तर पायांतलं रक्त वर परतत नाही आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. झाडासाठी मांड्यांना आधार देणारा, पुढे कडी आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला पट्टा हवा. देशी बनावटीचा पाच ते नऊ हजारांत मिळतो. परदेशी, खास झाडकामाचा घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांपासून पुढे. सुरुवातीला देशी पुरतो. जुना पट्टा मात्र स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका: कापडी सामान दहा वर्षांहून जुनं झालं की, न वापरलेलं असलं तरी, बाद समजतात.

कमरेच्या दोन कड्यांमध्ये खोडाभोवती घ्यायचा आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड, दीड ते चार हजारांचा. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं हा नियम आहे. करवत चुकून एका दोराला लागली तर दुसरा राहतो. कॅराबिनर चार घ्या, आपोआप बंद होऊन कुलूप लागणारे, प्रत्येकी आठशे ते दोन हजार. त्यावर ‘केएन’मध्ये आकडा कोरलेला असतो, २२ केएन म्हणजे साधारण २,२०० किलो. आकडा नसलेला कॅराबिनर किल्ल्या अडकवायचा आहे. हनुवटीचा पट्टा असलेलं हेल्मेट अडीच हजारांपासून.

शिडीवर मी मुद्दाम जास्त बोलतो, कारण जिथे शिडी सुरक्षित वाटते तिथेच माणसं पडतात. वीस फुटांची ॲल्युमिनियमची शिडी आठ ते पंधरा हजारांना पडते, बांबूची त्याहून बरीच स्वस्त. वीजतार जवळ असेल तर ॲल्युमिनियम आणूच नका. आधी १९१२ वर फोन करून पुरवठा बंद करून घ्या. उंचीच्या चौथ्या भागाइतकं अंतर खोडापासून पायथ्याला ठेवा, वरचं टोक खोडाला बांधा आणि शिडीचा उपयोग पहिल्या बेचक्यापर्यंत पोचण्यापुरताच करा. शिडीवर उभं राहून फांदी कापायची नाही. कापलेलं टोक पडताना झोका घेऊन शिडीवर येतं. आणि शिडी त्याच फांदीला टेकवलेली असेल तर ओझं उतरताच उरलेली फांदी वर उसळते आणि शिडी निसटते. गुलमोहर, शेवगा यांच्या फांद्यांवर दोर टाकतानाही दहा वेळा विचार करा. हे लाकूड न सांगता मोडतं.

नारळाचं गणित वेगळं. फांदीच नाही, म्हणून दोर टाकायला जागा नाही. कोकणात पाडेली पायात फास घालून चढत आला आहे. केरळात तयार झालेलं, पायाने चालवायचं चढणयंत्र अडीच ते साडेचार हजारांत मिळतं. पण यंत्र चढवतं, सांभाळत नाही. पट्टा आणि खोडाभोवतीचा दोर त्यासोबत हवाच.

बेरीज करा: पट्टा, दोर, गाठीच्या दोऱ्या, लॅनयार्ड, कॅराबिनर, हेल्मेट आणि चांगली हातकरवत मिळून एका माणसाचं सामान पंचवीस हजारांच्या आसपास जातं. वर्षाला शंभर दिवस काम आणि तीन वर्षं आयुष्य धरलं तर दिवसाला शंभर रुपयांच्या आत. दुसरा पट्टा आणि दोर खालच्या माणसासाठी असू द्या, वरचा अडकला तर त्याला उतरवायला. ठेकेदाराच्या दरात हे शंभर रुपये धरलेले नसतील, तर सोसायटीने ते स्वतःहून धरावेत आणि काम सुरू होण्याआधी सामान पाहायला मागावं. शहरात १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगीही आधी घ्यावी लागते.

शेवटची खरेदी सगळ्यांत स्वस्त. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाचा केरा सुरक्षा विमा आहे; त्याच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरतं आणि मंडळाचं महाराष्ट्रातलं केंद्र ठाण्यात आहे. बाकी सगळ्यांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: बँकेत खातं, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. वर्षाचा हप्ता २० रुपये, मुदत १ जून ते ३१ मे. पावसाळ्याआधीची छाटणी सुरू करायच्या आधी तो भरलेला आहे का, एवढं बँकेत विचारून घ्या.