तालुक्याच्या ठिकाणी पोषणविषयक वाचनमंडळ : उभारणी आणि कार्यपद्धती

पोषणशास्त्र हे स्थिर राहणारे शास्त्र नव्हे. एका पिढीने शिकलेले नियम दुसऱ्या पिढीच्या हयातीतच बदलतात. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके अनेक वर्षे आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आधार होती. २०१७ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ५२८ अन्नपदार्थांचे नव्याने पृथक्करण करून नवी कोष्टके प्रसिद्ध केली. बालकांच्या वाढीच्या मोजमापाचेही तसेच झाले. कुपोषणाच्या पहिल्या ते चौथ्या श्रेणीची जुनी विभागणी मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानके भारताने २००८ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेसाठी स्वीकारली. आता उंचीच्या मानाने वजन आणि दंडाचा घेर यांवरून तीव्र कुपोषण ठरविले जाते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते बालक अतितीव्र कुपोषित समजले जाते.

हे बदल शासकीय परिपत्रकांतून खालपर्यंत पोहोचतात. परंतु परिपत्रक काय करावे ते सांगते, ते का करावे हे समजावून सांगण्यास त्यात जागा नसते. कारण न कळलेला नियम यांत्रिकपणे पाळला जातो आणि अडचणीच्या प्रसंगी सर्वप्रथम सोडला जातो. सल्ला देणाऱ्याचे ज्ञान शिळे झाले, तर त्याची किंमत गरोदर स्त्री, रुग्ण किंवा बालक यांना मोजावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्यात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा प्रदेश. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, सेवाग्रामचे महाविद्यालय त्याच्याही पलीकडे. तेथील अध्यापक आणि ग्रंथालये यांचा रोजचा सहवास तालुक्यात काम करणाऱ्यांना लाभत नाही. अशा ठिकाणी नवे ज्ञान एकत्र बसून वाचण्याची आणि पारखण्याची सोय करता येते. वैद्यकीय जगात या सोयीस ‘जर्नल क्लब’ म्हणतात, आपण तिला वाचनमंडळ म्हणू.

प्रथेचा उगम

ही प्रथा गरजेतून जन्मली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील काही विद्यार्थी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका पावाच्या दुकानावरील लहान खोलीत जमून नियतकालिके वाचीत असत, अशी आठवण सर जेम्स पॅजेट यांनी नोंदविली आहे. पुढे १८७५ मध्ये डॉ. विल्यम ऑस्लर यांनी कॅनडातील माँट्रिअल येथे पहिले रीतसर मंडळ स्थापन केले. महागडी नियतकालिके एकेकट्याला परवडत नव्हती, म्हणून सर्वांनी मिळून ती घ्यावीत व वाचावीत, हा त्यामागील साधा हेतू होता. भारतात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात अशा बैठका हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात रुजलेली ही पद्धत तालुक्यापर्यंत नेणे, हे पुढचे पाऊल होय.

आज नियतकालिकाच्या वर्गणीची अडचण बरीच कमी झाली आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ हे १९१३ पासूनचे नियतकालिक आणि बालरोगतज्ज्ञांचे ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ यांतील लेख विनामूल्य वाचता येतात. उणीव आहे ती वेळेची, सोबतीची आणि वाचण्याच्या पद्धतीची.

मंडळाची रचना

मंडळ लहान असावे. आठ ते बारा सभासद पुरेसे होत. तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका, उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी, क्षयरोग कार्यक्रमाचे पर्यवेक्षक आणि उपलब्ध असल्यास आहारतज्ज्ञ यांचा त्यात समावेश व्हावा. महाविद्यालयातील गृहविज्ञानाचे अथवा संख्याशास्त्राचे प्राध्यापक मिळाल्यास मंडळाची बाजू भक्कम होते. अनुभवी अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना पाळीपाळीने बोलवावे. शोधनिबंधातील उपाय घरोघरी चालेल की नाही, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

महिन्यातून एक बैठक आणि तीही एका तासाची, हे प्रमाण टिकाऊ ठरते. तालुक्याच्या मासिक आढावा बैठकीला सर्वजण येतातच. तिला जोडून वाचनाची वेळ ठेवल्यास प्रवासाचा वेगळा भार पडत नाही. मात्र आढाव्याचा तास आणि वाचनाचा तास यांची सरमिसळ होऊ नये. आढाव्यात वरिष्ठ विचारतात व कनिष्ठ उत्तर देतात. वाचनात मात्र सर्वांची बैठक सारखी असली पाहिजे. पर्यवेक्षिकेने वैद्यकीय अधिकाऱ्यास शंका विचारणे हा तेथे अवमान नसून अपेक्षित व्यवहार आहे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

संयोजक एक असावा आणि वर्षाने बदलावा. निवेदकाची पाळी मात्र दर महिन्याला फिरती ठेवावी. निबंध दहा दिवस अगोदर सर्वांना मिळावा. इंग्रजी निबंधाचा सारांश निवेदकाने एका पानात मराठीत लिहून द्यावा. हे एक पान लिहिण्यातच निवेदकाचा निम्मा अभ्यास होतो.

निबंधाची निवड

पुष्कळ मंडळे हाती आलेला निबंध वाचायला घेतात आणि लवकरच कंटाळतात. योग्य क्रम उलटा आहे. प्रथम कामातील प्रश्न लिहावा, नंतर त्याचे उत्तर शोधणारा निबंध निवडावा. ‘कुपोषणाविषयी माहिती’ हा प्रश्न नव्हे. ‘क्षयरुग्णाच्या घरातील इतर माणसांना अधिक धान्य व डाळ दिल्यास त्यांना क्षय होण्याचे प्रमाण घटते काय?’ हा प्रश्न होय. त्यात माणसे कोणती, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता, या चारही गोष्टी येतात.

एका निबंधाचे वाचन

वरील प्रश्नाचे उत्तर देणारा अभ्यास डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत केला. तो २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या बैठकीस तो योग्य ठरेल. वाचताना पाच प्रश्न क्रमाने घ्यावेत.

पहिला प्रश्न : कोणावर आणि कसा अभ्यास झाला? २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १०,३४५ व्यक्ती त्यात होत्या. क्षयरोग कार्यक्रमातील २८ विभागांची चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत वाटणी करण्यात आली. कोणत्या गटात कोण जाणार, हे संशोधकाच्या मर्जीवर नव्हते. म्हणून दोन गटांतील फरक उपायामुळे पडला असे म्हणता येते.

दुसरा प्रश्न : तुलना कशाशी? दोन्ही गटांतील रुग्णांना अन्नसंच मिळत होता. घरच्या इतर माणसांना मात्र तो एकाच गटात मिळाला, रोज सुमारे ७५० उष्मांक व २३ ग्रॅम प्रथिने पुरतील इतका. अभ्यास नेमका काय पारखतो, हे या बारकाव्यावरून कळते. तो निसटला तर निष्कर्ष चुकीचा वाचला जातो.

तिसरा प्रश्न : परिणाम किती? क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष आहे. हा आकडा मोठा वाटतो व खराही आहे. परंतु मंडळाने त्याच्या जोडीला मूळ संख्या पाहिल्याच पाहिजेत. अन्न न मिळालेल्या घरांतील शंभरांपैकी २.६ जणांना, तर अन्न मिळालेल्या घरांतील शंभरांपैकी १.७ जणांना क्षय झाला. म्हणजे एक नवा रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ११० माणसांना, अर्थात तीसएक कुटुंबांना, हा आहार पुरवावा लागतो. टक्क्यांतील घट उपायाचे बळ दाखविते, तर मूळ संख्या खर्चाचा अंदाज देतात. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे.

चौथा प्रश्न : हे आपल्याकडे लागू पडेल काय? तेथील सुमारे दोनतृतीयांश लोक आदिवासी होते आणि संपर्कातील दर तिघांपैकी एकजण कुपोषित होता. जेथे उपासमार कमी, तेथे लाभही कमी होण्याचा संभव आहे. संच भात व डाळीचा होता. महागावकडे ज्वारी, गहू आणि तुरीची डाळ यांचा विचार करावा लागेल. आपल्या तालुक्यातील रुग्णांच्या घरी वजने घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, असे मंडळाच्या ध्यानात आले, तरी बैठक सार्थकी लागली असे समजावे.

पाचवा प्रश्न : आता काय करावे? क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून १ एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. निक्षय मित्रांमार्फत दिल्या जाणाऱ्या अन्नसंचात घरच्या मंडळींचाही समावेश करण्याचे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. आपल्या गावांत ही मदत कोणापर्यंत पोहोचली आणि कोणाला निक्षय मित्र मिळाला नाही, याची यादी करणे हे वाचनातून निघालेले काम होय.

आकड्यांची पारख

आकडे शेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली असे नव्हे. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. पुढील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के, असे आकडे आले. वरवर पाहणारा म्हणेल की मिळविलेले सारे गेले. परंतु हे नंतरचे आकडे पाच वर्षांखालील सर्व बालकांचे आहेत. त्याच वयोगटाचा २००५-०६ चा आकडा ४६.३ टक्के होता. तेव्हा सुधारणा झाली हे खरे आणि २०१५ नंतर ती थांबली हेही खरे. वयोगट न पाहता वाचणाऱ्यास यांपैकी एकही सत्य गवसत नाही. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी अशा बैठकीस एकदा तरी यावे, ते याचसाठी.

मर्यादा आणि पथ्ये

मंडळाने एका निबंधाच्या आधारे उपचार बदलू नयेत. अतितीव्र कुपोषित बालकावर ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात ठरलेल्या शासकीय पद्धतीनेच उपचार व्हावेत. वाचनातून शंका निघाल्यास ती लेखी स्वरूपात जिल्हा स्तरावर कळवावी. रुग्णाचे उदाहरण घेताना नावगाव उघड करू नये.

दुसरे पथ्य पैशाचे. चहापाण्याचा खर्च लहान असला तरी तो दुग्धपर्यायी पदार्थ किंवा बालअन्न बनविणाऱ्या कंपनीकडून घेऊ नये. १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणे किंवा त्यांच्या सभा-चर्चासत्रांना पैसा पुरविणे यास मनाई केली आहे. निबंधाच्या शेवटी छापलेली अर्थसाहाय्याची ओळ वाचण्याची सवयही मंडळाने लावून घ्यावी.

मंडळे बंद पडण्याची कारणे सहसा साधी असतात. संयोजकाची बदली होते, एकच व्यक्ती वाचते व इतर ऐकतात, किंवा चर्चा होते पण नोंद राहत नाही. यावर उपाय एकच : साधी नोंदवही. तिच्यात तारीख, प्रश्न, निबंधाचे नाव, चार ओळींचा निष्कर्ष, ठरलेले काम आणि ते करणाऱ्याचे नाव लिहावे. पुढील बैठकीची सुरुवात त्याच पानावरून व्हावी. अधिकारी बदलला तरी वही कार्यालयात राहते आणि नव्या संयोजकास हरवलेला धागा सापडतो.

पंचायतीचा वाटा

पंचायत समितीने बसण्यास जागा आणि मुद्रणाची सोय दिली, तरी मंडळ उभे राहू शकते. जुन्या सारांशांची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवल्यास शिक्षकांना व बचत गटांनाही ती उपयोगी पडेल. वर्षातून एकदा मंडळाने ग्रामसभेपुढे सोप्या मराठीत आपले निष्कर्ष मांडावेत आणि लोकांचे प्रश्न टिपून घ्यावेत. पुढील वर्षाच्या वाचनाची यादी त्यांतूनच तयार होईल.

वर्षभरात बारा निबंध वाचून झाले, तर तालुक्यातील दहाबारा जबाबदार माणसे बारा प्रश्नांवर समजून उमजून बोलू लागतील. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक खोली, एक वही आणि महिन्यातला एक तास. इतकी सामग्री प्रत्येक तालुक्याजवळ आहे.