चित्र काढण्यापूर्वीची दहा मिनिटे

गवई मैफलीपूर्वी खर्ज लावतो, पहिलवान कुस्तीपूर्वी जोर-बैठका काढतो. चित्रकला शिकणारा मात्र पेन्सिलीला टोक करतो आणि एकदम गणपती काढायला बसतो. पहिली रेघ वाकडी जाते, ती खोडतो. दुसरीही खोडतो. अर्ध्या तासात कागद विरतो आणि "आपल्या हातात ही कला नाही" असा निकाल तो स्वतःच देऊन मोकळा होतो. आमच्या रविवारच्या वर्गातून असे निकाल घेऊन गेलेली मंडळी थोडी नाहीत. त्यांत मुलांपेक्षा प्रौढच अधिक. दोष त्यांचा नव्हता. पहिल्याच दिवशी कोरा पांढरा कागद हाती देऊन समोर सुरई ठेवणारे आम्हीच होतो.

शिवाय इंदूरकरांस मोठ्या नावांचा धाक असतो. द. दा. देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रशाळा काढली, ना. श्री. बेंद्रे आणि हुसेन तिथे शिकले. पण ही नावे ऐकून रेघ सरळ येत नाही, उलट हात अधिकच आखडतो.

म्हणून आता आम्ही आरंभी जुने वर्तमानपत्र देतो. पूर्वी शाळेत धूळपाटी असे. तीवरचे अक्षर हात फिरवताच नाहीसे होई, त्यामुळे चुकण्याचे भय नसे. ही दहा मिनिटे म्हणजे धूळपाटीच समजावी. खोडरबर या वेळात दूर ठेवावे.

वीतभर अंतरावर दोन ठिपके द्यावेत. पेन्सिल कागदाला न टेकवता दोनतीनदा हवेतच या ठिपक्यावरून त्या ठिपक्याकडे न्यावी, आणि मग एका दमात रेघ ओढावी. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, पोहोचायच्या ठिपक्यावर हवी. हात खांद्यापासून हलला पाहिजे. मनगट टेकवून लांब रेघ काढली तर मनगट हे मध्य होते व रेघ कमानीसारखी वळते. पुष्कळांची रेघ वाकडी येते ती एवढ्याचमुळे. अशा वीसेक रेघा आडव्या, उभ्या, तिरप्या काढाव्यात. चुकलेली तशीच राहू द्यावी, तिच्यावरून दुसरी गिरवू नये. आमच्या घरांतील ज्या बायका रोज ठिपक्यांची रांगोळी घालतात त्यांस हे शिकवावे लागत नाही. फक्त त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही!

नंतर वर्तुळे. हवेत हात फिरवून कागदावर टेकवावा व न थांबता एकावर एक दोनतीन फेरे घ्यावेत. हळूहळू हे वर्तुळ चपटे करावे, म्हणजे तांब्याचे तोंड होते. येथे नवशिका दोन्ही टोकांस लिंबासारखी अणी काढतो. तोंड कितीही चपटे दिसो, टोकाला ते वळतेच, कोन करीत नाही. मग पेन्सिलीचा दाब कमी करीत गडदापासून फिकटापर्यंत एक पट्टी भरावी.

शेवटची तीन मिनिटे डोळ्यांची. किमॉन निकोलाइडीज या अमेरिकन चित्रशिक्षकाचे १९४१ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेले पुस्तक या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. आपला डावा हात समोर धरावा, कागदाकडे मुळीच पाहू नये, आणि डोळा बोटाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकेल तशी पेन्सिल सरकवावी. जे उमटते ते पाहून वर्गात हशा होतो. तो होऊ द्यावा. बोट "कसे असते" हे आठवून काढण्याची सवय इथे मोडते आणि समोरचे बोट, त्याच्या सुरकुतीसकट, प्रथमच दिसते.

इतके झाल्यावर पांढरा कागद घ्यावा. वर्तमानपत्र रद्दीत गेले तरी चालेल; पहिल्या रविवारचे पान तेवढे तारीख घालून राखून ठेवावे आणि दोन महिन्यांनी काढून नव्याशेजारी ठेवावे.