ते उपाशी नाही, त्याची काठीच तशी

तुमचं लेकरू शाळेतून आल्या आल्या म्हणतं, "आई, मळ्यातल्या काकांना ते कुत्रं नकोय, आपण आणू या का?" कुत्रं असतं लांब नाकाचं, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, कारवानी जातीचं. मग घरात काय होतं ते पालकसभेनंतरच्या गप्पांत मी बऱ्याचदा ऐकलंय. आजीला वाटतं, कुत्रं आजारी आहे. वडील म्हणतात, शिकारी जात आहे, पोराला फाडायला कमी करणार नाही. शेजारी सांगतात, असल्या जातींवर सरकारनं बंदी घातलीय. लेकरू गप्प होतं आणि विषय मिटतो. तो इतक्या लवकर मिटवू नका, एवढंच मला तुम्हाला सांगायचंय.

आधी आजीची शंका. या कुत्र्याच्या अंगावर चरबी धरतच नाही. छाती खोल, कंबर बारीक, कमरेची हाडं वर आलेली, अशी त्याची ठेवण पळण्यासाठी आहे. आपल्या रविवारच्या बाजारात खिलार बैलाची सडपातळ काठी बघून कुणी त्याला आजारी म्हणत नाही, उलट किंमत वाढते. मग कारवानीलाच तो न्याय का नाही? मात्र डोळ्यांत पाणी, निस्तेज केस, सतत जुलाब असं दिसलं, तर तो खरा आजार समजा आणि डॉक्टर गाठा.

बंदीचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींबद्दल पत्रक काढलं होतं. पिटबुल, रॉटवायलर अशा परदेशी जाती त्यात होत्या, कारवानी नव्हता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रकही रद्द ठरवलं. उलट हे आपल्याच मातीतलं जनावर. जतच्या पलीकडे कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना पिल्लांची जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढलं, आणि पुढे सैन्यानेही मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना शिकवायला घेतलं. मुलांना हे जरूर सांगा.

आता वडिलांची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. कारवानी नजरेवर शिकार करणारा. समोरून काही सुसाट पळालं की तो मागे धावणारच. मांजर, कोंबडी, शेजारच्यांचं करडू यांना त्याच्यापासून जपावं लागतं. माणसांच्या बाबतीत मात्र तो भिडस्त असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. तो बाजूला सरतो, कोपऱ्यात उभा राहतो. आपण त्याला माजोरडा म्हणतो किंवा भित्रा म्हणून हिणवतो. कोंडून, डिवचून, घाबरवून ठेवलं तर कुठलंही कुत्रं चावेल, तसं हेही चावेल.

म्हणून घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला कुणी कुरवाळायचं नाही. ओसरीच्या एका कोपऱ्यात पोतं अंथरा, जवळ पाणी ठेवा आणि लेकराला तिथून हातभर अंतरावर पुस्तक घेऊन बसवा. बोलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. आधी कुत्रं पाठ करून झोपेल. मग कधीतरी उठेल, मान लांब करून पोराच्या कोपराचा वास घेईल आणि परत जाऊन बसेल. त्या क्षणी पोराने हात पुढे करायचा नाही, हे त्याला आधीच शिकवून ठेवा. पुढच्या वेळी कुत्रं जास्त वेळ थांबतं. इतका धीर धरायला आपल्या मुलांना दुसरं कोण शिकवणार आहे, मला माहीत नाही.

जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल कुत्र्याजवळ एकटं सोडायचं नाही. ही राखण तुमची, मुलाची नव्हे. फिरायला नेताना साधा पट्टा चालत नाही. त्याचं डोकं निमुळतं आणि मान जाड, एक हिसका दिला की पट्टा कानांवरून निघून येतो. रुंद पट्टा घ्या आणि दोन बोटं आत जातील इतकाच सैल ठेवा. नुसती दूध-भाकरी पुरत नाही, अंडी किंवा मटण लागतं. द्राक्षं आणि बेदाणे मात्र त्याच्यापुढे टाकू नका. आपल्याकडे ते घरोघरी असतात, पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. डाळिंबावर फवारणी झाली असेल त्या दिवशी बागेत सोडू नका. पिल्लू असेल तर तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या आणि दर वर्षी डॉक्टरांना दाखवा. कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला तर चुना, तिखट काही लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा.

एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगते. कारवानी घरी आला की मोठी पोरं "चल, माळावर ससं उठवू" म्हणत बोलवायला येतात. पाठवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ससाही त्यात आला. शिवाय या नादात कुत्र्याचा पाय मोडतो, पातळ कातडी काट्यांनी फाटते, आणि पळता येईना झालं की तेच कुत्रं कुणाला तरी नकोसं होतं. तुमच्या मुलाने जे आणायला सांगितलं, ते कदाचित असंच नकोसं झालेलं असेल. त्याला पळायला कुंपण घातलेलं वावर द्या, सकाळी नऊच्या आत. थंडीत रात्री घोंगडं द्या, त्याच्या अंगावर केस फार नसतात.

एवढं कळल्यावर आणायचं की नाही, हे घरात बसून ठरवा, आणि मुलाला त्या बैठकीत बसवा. कारवानी दहा-बारा वर्षं जगतो. आज तुमचं लेकरू पाचवीत असेल, तर ते बारावी होऊन पुण्याला जाईल तेव्हा कुत्रं म्हातारं झालेलं असेल. त्या वेळी त्याला उठवून बसवणार कोण, डॉक्टरकडे नेणार कोण, हे आत्ताच नावानिशी ठरवा. कुणाचंच नाव पुढे आलं नाही, तर मुलाला खरं सांगा, की आपल्याला जमणार नाही. मग मळ्यातल्या त्या काकांना विचारा, आठवड्यातून दोनदा पोराने येऊन कुत्र्याला पाणी पाजलं, पट्ट्याने बांधून फिरवलं तर चालेल का.