आडवाटेची मोटार : पूर्वतयारीचा एक पाठ

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शाळेंतील पुष्कळ कुटुंबांत एक नवी हौस आलेली दिसते. दिवाळीची अथवा नाताळची सुट्टी लागली कीं उंच बांध्याची मोटार, जिला हल्लीं सर्वत्र एस. यू. व्ही. म्हणतात, ती भरावयाची, तंबू बरोबर घ्यावयाचा आणि सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यांत दोन रात्री तळ ठोकावयाचा. हौस चांगली आहे. तेथें मुलांस आकाश दिसतें आणि आईबापांस आपलीं मुलें दिसतात. परंतु हिच्या पाठोपाठ दुसरी एक हौस येते. ती म्हणजे आडवाटेसाठीं गाडींत फेरफार करण्याची. मोठीं चाकें, उंच केलेल्या स्प्रिंगा, छतावरची जाळी, पुढचा पोलादी बंपर, इंजिनाचा श्वास घेण्याचा उंच नळा! ह्यांपैकीं काय करावें व कोणत्या क्रमानें करावें, असें ह्या वर्षीं दोघां-तिघां पालकांनीं आम्हांस विचारलें, आणि वर्गांतील मुलांनींहि विचारलें. सबब हा विषय पाठाच्या रूपानें येथें मांडीत आहों.

लूककृत शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे, तो आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रथम बसून हिशेब करावा, मग पाया घालावा, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. मोटारीच्या बाबतींत हा हिशेब केवळ रुपयांचा नसून वजनाचा, तोलाचा व जीविताचाहि आहे.

ह्या विषयांत आम्ही उपदेशक म्हणून नव्हे, तर एकदां चुकलेला विद्यार्थी म्हणून बोलत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक वापरलेली गाडी घेतली आणि एका दुकानदाराच्या सल्ल्यानें एकाच महिन्यांत तिच्या छतावर लोखंडी जाळी, पुढें पोलादी बंपर आणि खालीं मोठालीं चाकें बसवून घेतलीं. त्या ऑक्टोबरांत भंडारदऱ्याच्या पलीकडे सहकुटुंब तळ ठोकण्यास निघालों. जड सामान सर्व छतावर होतें. एके ठिकाणीं वाट डावीकडे कलली होती. तेथें मागचें डावें चाक खळग्यांत उतरलें आणि पुढचें उजवें चाक जमीन सोडून वर उचललें गेलें. गाडी तशीच, कलत्या स्थितींत, डोलत राहिली. आंत आमचीं दोन मुलें होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं.

जवळच गवत कापणारे दोघे गडी धांवत आले. त्यांनीं प्रथम सांगितलें कीं कोणीं खालीं उतरूं नये. मग ते दोघे उजव्या बाजूच्या पायरीवर उभे राहिले, आणि त्यांच्या भारानें तें चाक हळूहळू जमिनीस टेकलें. तसेंच मागें घेऊन गाडी सपाटीस आणली. छतावरील सामान उतरवितांना त्यांतील म्हातारा म्हणाला, “गुरुजी, गाडी उंच केली म्हंजी डोंगर बुटका होत न्हाई.” पदार्थविज्ञान आम्ही अनेक वर्षें शिकवीत होतों, तें त्या दिवशीं त्या गृहस्थाकडून शिकलों.

पहिली गोष्ट : आहे ती गाडी ओळखणें

एस. यू. व्ही. हें नांव असलें म्हणजे गाडीच्या चारहि चाकांना इंजिनाची शक्ति मिळते असें नव्हे. आज विकल्या जाणाऱ्या अशा पुष्कळ गाड्यांत ती दोनच चाकांना मिळते. चाकें मोठीं केल्यानें ही उणीव भरून निघत नाहीं. तेव्हां प्रथम गाडीची पुस्तिका वाचावी.

तींत चार आंकडे महत्त्वाचे असतात. एक, पोटाखालील मोकळी उंची. दुसरा, पुढच्या चाकांपुढें किती अंशांचा चढ नाक न घासतां घेतां येईल तो कोन. तिसरा, उतरतांना मागील भाग न घासण्याचा कोन. चौथा, उंचवटा ओलांडतांना पोट न टेकण्याचा कोन. सुझुकीच्या जिम्नी गाडीचें उदाहरण पाहा. तीन दारांच्या जिम्नीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २२५० मिलिमीटर असून तिचा चौथा कोन २८ अंश आहे. आपल्याकडे २०२३ सालीं आलेल्या पांच दारांच्या जिम्नींत तेंच अंतर २५९० मिलिमीटर आहे आणि तो कोन २४ अंशांवर आला आहे. पोटाखालील उंची दोहींची २१० मिलिमीटर, म्हणजे सारखीच. कुटुंबासाठीं गाडी लांब केली, त्याची किंमत चार अंशांनीं दिली. यंत्रांत कांहीं मिळविलें तर कांहीं द्यावें लागतें, हा ह्या सबंध पाठाचा सारांश होय.

दुसरी गोष्ट : वजनाचा हिशेब

वरील पांच दारांच्या जिम्नीच्या एका प्रकाराचें स्वतःचें वजन १२१० किलो आहे. माणसें व सामान धरून ती १५४५ किलोंपर्यंत भरतां येते. वजाबाकी ३३५ किलो. आतां एक कुटुंब घेऊं : वडील ७५, आई ६२, मुलगा ५०, मुलगी ३८, बेरीज २२५. उरले ११० किलो. तंबू व अंथरुणें २२, वीस लिटर पाणी २०, शेगडी, भांडीं व शिधा २०, कपडे १६, हत्यारें १२, बेरीज ९०. शेवटीं शिल्लक केवळ २० किलो.

आतां पुढें ४० किलोंचा पोलादी बंपर, त्यावर ३० किलोंचें ओढयंत्र आणि छतावर २५ किलोंची जाळी लावली, असें धरा. ९५ किलो झाले. म्हणजे गाडी मर्यादेच्या ७५ किलो वर गेली. हा भार ब्रेकांस थांबवावा लागतो, स्प्रिंगांस झेलावा लागतो. जड स्प्रिंगा घातल्या म्हणून कायद्यानें व कारखान्यानें ठरविलेली मर्यादा वाढत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या गाडीचा हा हिशेब एका कागदावर करून वडिलांस दाखवावा, अशी आमची सूचना आहे.

तिसरी गोष्ट : तोल

गुरुत्वमध्यांतून काढलेली लंबरेषा चाकांच्या पायाबाहेर गेली कीं वस्तु कलंडते, हें आपण वर्गांत शिकतों. एका गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४०० मिलिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरूं. अर्धें अंतर व उंची समान आहेत, म्हणून ती ४५ अंशांपर्यंत उभी राहील. आतां १५०० किलोंच्या ह्या गाडीच्या छतावर, जमिनीपासून १७५० मिलिमीटरांवर, ६० किलो ठेवले. गुरुत्वमध्य सुमारें ४० मिलिमीटर वर जातो. त्यांत स्प्रिंगा वाढवून गाडी ५० मिलिमीटर उंच केली तर तो ७९० मिलिमीटरांवर येतो आणि कोन सुमारें साडेएकेचाळीस अंशांवर उतरतो. साडेतीन अंश थोडे वाटतील. परंतु हा हिशेब स्तब्ध उभ्या गाडीचा आहे. स्प्रिंगा एका बाजूस दबतात, चाक खळग्यांत आदळतें, वळणावर गाडी बाहेर झुकते. तेव्हां प्रत्यक्षांत ती ह्याच्या पुष्कळ आधींच कलंडते. म्हणून जड वस्तु खालीं, दोन चाकांच्या आंसांमध्यें, घट्ट बांधून ठेवावी. छतावर फक्त हलकी.

चौथी गोष्ट : टायर व त्यांतील हवा

सर्व फेरफारांत टायर हा पहिला मान घेतो, कारण गाडी जमिनीस फक्त तेथेंच स्पर्श करते. परंतु खोल नक्षीचा व मजबूत बाजूंचा टायर निवडणें ही एक गोष्ट आणि अवाढव्य टायर निवडणें ही दुसरी. १९५/८०, आर १५ ह्या मापाच्या टायराचा व्यास ६९३ मिलिमीटर होतो. २३५/७५, आर १५ चा ७३३.५. व्यास ४० मिलिमीटरांनीं वाढला, परंतु गाडीचें पोट त्याच्या निम्म्यानें, म्हणजे २० मिलिमीटरांनींच वर आलें. उलटपक्षीं गतिमापकाचा कांटा पूर्वीं अचूक होता असें धरल्यास, तो ८० दाखवील तेव्हां गाडी खरोखर ८५ च्या जवळ धांवत असेल. चाक जड व मोठें झाल्यामुळें चढावरची ओढ कमी होते आणि थांबण्यास अधिक अंतर लागतें.

ह्याहून स्वस्त उपाय हवेंत आहे. १५४५ किलोंची गाडी म्हणजे दर चाकावर सुमारें ३८६ किलो. ३० पौंडांचा दाब हा दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलो होतो. भागाकार केला तर टायर जमिनीस सुमारें १८४ चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब १५ पौंडांवर आणला कीं हें क्षेत्र जवळजवळ दुप्पट होतें, आणि मऊ वाळूंत रुतणारी गाडी तरून जाते. दगडी वाटेवर मात्र इतका दाब उतरवूं नये, कारण टायराची बाजू फाटते. कमी दाबावर हळू चालावें, तीक्ष्ण वळण घेऊं नये, आणि डांबरी रस्ता लागण्यापूर्वीं पुन्हा हवा भरावी. नाहीं तर टायर तापून फुटतो. ह्यासाठीं हवा भरण्याचा लहान पंप व दाबमापक एवढेंच पुरे.

पांचवी गोष्ट : अडकलेली गाडी सोडविणें

फावडें, चाकाखालीं घालावयाच्या खांचदार फळ्या, योग्य ताकदीचा दोर व तो अडकविण्यास चौकटीशीं पक्की जोडलेली कडी, हीं साधनें शोभेच्या सर्व वस्तूंच्या आधीं घ्यावींत. मागें सामानगाडी जोडण्याची जी गोळी असते, तिला अडकलेली गाडी ओढण्याचा दोर कधींहि बांधूं नये. ती तुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. दोर ताणला जात असतां मुलांनीं त्याच्या लांबीच्या दीडपट दूर व बाजूस उभें राहावें. गाडीच्या पोटाखालीं दगडांपासून रक्षण करणारा पत्रा, हा ह्यानंतरचा उपयुक्त फेरफार.

सहावी गोष्ट : पाणी

उंच नळा बसविला म्हणजे ओढा ओलांडतां येतो, हा समज घातक आहे. इंजिनांत पाणी शिरलें तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं आणि आंतील दांडे वांकतात. नळा एवढेंच टाळतो. तो गाडी वाहून जाण्याचें थांबवीत नाहीं. आर्किमिडीजचा सिद्धांत लावून पाहा. गाडीच्या तळाचें क्षेत्र सुमारें ५.१ चौरस मीटर धरलें, तर तळापासून ३० सेंटिमीटर वर पाणी चढतांच तें सुमारें १५३० किलोंचा उचल देतें. म्हणजे भरलेली गाडी जवळजवळ तरंगूं लागते, आणि चाकांची पकड तर त्याच्या पुष्कळ आधीं सुटते. पावसाळ्यांत गढूळ व वाहत्या पाण्यापुढें थांबावें. पाणी उतरेपर्यंत वाट पाहणें हा दुबळेपणा नव्हे.

सातवी गोष्ट : कायदा व भूमि

मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखान्याच्या मूळ नोंदीशीं न जुळणारे फेरबदल मालकास करतां येत नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं दिलेल्या निर्णयांतहि हेंच तत्त्व उचलून धरलें आहे. मोटारीपुढें लावावयाच्या पोलादी दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें. त्याचीं कारणें सयुक्तिक आहेत : अशी दांडी पादचाऱ्यास अधिक इजा करते, आणि टक्कर झाली असतां गाडीच्या पुढच्या भागानें चुरगळून जो धक्का सोसावयाचा तो सरळ आंतील माणसांपर्यंत पोंचवते. म्हणून कोणत्याहि फेरफारापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. आमचा पोलादी बंपर आम्हीं भंगारांत दिला.

भूमीचाहि एक कायदा आहे. कासच्या पठारावरील मातीचा थर इतका पातळ आहे कीं तेथील फुलें चाकाचा एक फेराहि सोसूं शकत नाहींत. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर कांसवें वाळूंत अंडीं घालतात. त्या वाळूवर गाडी फिरविणाऱ्यास आपण काय चिरडलें हें कळतहि नाहीं. जेथें वाट आहे तेथेंच चाक असावें, आणि जेथें वाट संपते तेथें पाय असावेत.

क्रम

एकंदरींत आमचा सल्ला असा : प्रथम आहे त्या गाडीची पूर्ण दुरुस्ती व चालविणाऱ्याचा सराव, मग योग्य मापाचे टायर व पंप, मग सुटकेचीं साधनें, मग पोटाखालील पत्रा, आणि स्प्रिंगांचा विचार सर्वांत शेवटीं, तोहि वजनाचा हिशेब व कायद्याची संमति पाहून. प्रत्येक पायरीनंतर एक सहल करावी. बहुतेकांस तिसऱ्या पायरीपुढें जाण्याची गरजच उरणार नाहीं.

आम्ही पुढल्या वर्षीं त्याच वाटेनें पुन्हा गेलों. जाळी काढलेली होती, चाकें मूळ मापाचीं होतीं, सामान निम्मेंच होतें. तो कलता भाग आला तेव्हां गाडी अलीकडे उभी केली, आणि सर्वांनीं आपापलें ओझें पाठीवर घेतलें. तळ अर्ध्या मैलावर होता. धाकट्या मुलीनें वाटेंत विचारलें, “बाबा, गाडी इथून जाऊं शकली नसती का?” आम्हीं सांगितलें, “कदाचित् गेली असती.” विद्यार्थिमित्रहो, त्या ‘कदाचित्’ शब्दावर आपलीं माणसें बसवूं नयेत, एवढेंच ह्या पाठांतून शिकावयाचें आहे.