शेजाऱ्याचे भाडे : यंत्र द्यावे कसे, पैसे घ्यावे किती?

अंधेरी, जोगेश्वरी, साकीनाका, घाटकोपर या भागांत लहान गाळा चालवणाऱ्या आपल्या बांधवांना ट्रॅक्टरचा विषय दूरचा वाटेल. पण यातील कितीतरी जणांचे मूळ घर महाड, माणगाव, खेड, चिपळूण किंवा दापोली तालुक्यात आहे. गाळ्याच्या कमाईतून भावांनी मिळून गावी पॉवर टिलर घेतलेला असतो, आणि पहिला पाऊस पडला की साऱ्या वाडीचे डोळे त्या टिलरकडे लागतात. इकडे मुंबईतही शेजारचा गाळेवाला "भाय, दोन दिवस कंप्रेसर द्या" म्हणत दारात उभा असतो. गावचा टिलर असो की गाळ्यातला कंप्रेसर, शेजाऱ्याकडून पैसे घ्यावेत का, घेतले तर किती, आणि यंत्र बिघडले तर भरायचे कोणी, हे प्रश्न दोन्हीकडे एकच आहेत.

आम्ही स्वतः हा धडा फुकटात शिकलो नाही. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यातला कंप्रेसर आम्ही शेजारच्या फर्निचरवाल्याला स्प्रे पेंटिंगसाठी दिला. ईद जवळ आली होती, त्याच्याकडे कपाटांची मोठी ऑर्डर होती. त्याने मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत सलग चालवले आणि तिसऱ्या दिवशी मोटरचे वाइंडिंग जळाले. त्याने मशीन तसेच आणून ठेवले. आम्ही काही बोललो नाही, तोही बोलला नाही. रिवाइंडिंगचे पैसे आम्ही भरले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे एकाच गल्लीत राहून आमचा सलाम-दुआ बंद होता. चूक त्याची आहे असे आम्ही धरून चाललो होतो. कायदा आणि फिकह दोन्ही नीट वाचल्यावर मात्र पारडे आमच्या बाजूला तेवढे झुकत नाही असे दिसले. ते कसे, हे पुढे येईल.

प्रथम दोन व्यवहार वेगळे केले पाहिजेत. मोबदला न घेता वस्तू वापरायला देणे म्हणजे 'आरियत', आणि ठरलेल्या मोबदल्यावर वापर देणे म्हणजे 'इजारा'. पहिला उपकार आहे, दुसरा व्यापार. दोन्ही जायज आहेत. पुष्कळ लोकांना वाटते की शेजाऱ्याकडून भाडे घेणे म्हणजे काहीतरी हलके काम. त्यांच्या मनात बहुधा कुरआनची १०७ वी सूरह 'माऊन' असते. तीत रोजच्या वापरातील किरकोळ वस्तू नाकारणाऱ्यांचा निषेध आहे, आणि जुन्या भाष्यकारांनी या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत ती बादली, हंडी, कुऱ्हाड अशी. म्हणजे जी दिल्याने देणाऱ्याचे काही जात नाही अशी वस्तू. पान्हा, हातोडी, शिडी, टेप यांचे भाडे शेजाऱ्याकडून मागू नये असेच आम्हीही म्हणू. पण टिलर तासाला डिझेल पितो, त्याची पाती झिजतात, त्याचे आयुष्य घटते. कुऱ्हाडीचा नियम त्याला लावणे बरोबर नाही.

आपल्या महाराष्ट्रातली जुनी रीतही हेच सांगते. इर्जिकीत शेजारी आपापले नांगर-बैल घेऊन एकाच्या शेतावर जात, त्या दिवशी जेवण त्याच्या घरी. पुढे तो दुसऱ्याच्या शेतावर जाई. सावड ही तशीच कामाची अदलाबदल. यात पैसा नव्हता, पण हिशोब होता आणि तो सर्वांना तोंडपाठ असे. टिलर आल्यावर हा हिशोब मोडला, कारण यंत्र एकाकडेच असते. शेजारी त्याची परतफेड टिलरने करू शकत नाही. त्या जागी काय आणायचे हे ठरवले गेले नाही, म्हणून कुरबुरी.

आता भाडे किती घ्यावे ते पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा टिलर २,००,००० रुपयांना पडला, १० वर्षे चालेल आणि शेवटी ४०,००० रुपयांना विकला जाईल. म्हणजे १,६०,००० रुपये १० वर्षांत झिजणार, वर्षाला १६,०००. वर्षात तो २०० तास चालला तर तासाला ८० रुपये घसारा. तेल, पाती, बेल्ट व दुरुस्ती वर्षाला १०,००० धरली तर तासाला ५०. तासाला दीड लिटर डिझेल, ९० रुपये दराने १३५. चालवणाऱ्याची मजुरी तासाला १००. एकूण ३६५ रुपये. याच्या खाली भाडे लावले तर आपण आपल्याच खिशातून शेजाऱ्याची शेती करतो. तशी करायची इच्छा असेल तर जरूर करावी, पण माहीत असून करावी.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हाच टिलर फक्त स्वतःच्या शेतात वर्षाला ६० तास चालला, तर घसाराच तासाला सुमारे २६७ रुपये पडतो. यंत्राचे वयही केवळ तासांनी मोजले जात नाही. उभे राहून ते गंजते, रबर कडक होते. म्हणजे शेजाऱ्याने भाडे देऊन वापर केला की आपले स्वतःचे कामही स्वस्त होते. भाडे देणारा शेजारी आपल्या यंत्राचा खर्च उचलतो, आणि हे ध्यानात आले की पैसे मागताना मान खाली घालावी लागत नाही, फार मागण्याची हिंमतही होत नाही. सरकारी धोरणही याच हिशोबावर उभे आहे. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात गावोगावी भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना अनुदानाची सोय झाली. आपल्याकडे त्यांना 'अवजारे बँक' म्हणतात. चार-सहा घरांचा गट करून टिलर घेणे एकट्याने घेण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचे असते.

भाडे तासावर की गुंठ्यावर? देशावरच्या सलग रानात तास ठीक. कोकणातल्या चिखलणीत मात्र तुकडे लहान, बांध उंच. एका खाचरातून दुसऱ्यात टिलर उतरवण्यातच वेळ जातो. तासावर ठरवले तर शेतकरी घड्याळाकडे बघत बसतो, गुंठ्यावर ठरवले तर चालवणारा घाई करून कोपरे सोडतो. आमच्या मते तासच धरावा, पण घड्याळ शेताच्या बांधावर पोहोचल्यापासून सुरू करावे आणि बिघाडाचा वेळ वजा करावा. एवढे आधी बोलले की निम्मे भांडण संपते.

काही ठिकाणी मळणीचे भाडे धान्यात घेण्याची पद्धत आहे. मळलेल्या भातातून अमुक पायल्या मळणीवाल्याच्या. फिकहच्या ग्रंथांत दळणाऱ्याला त्याच पिठातून मजुरी देण्याचा प्रश्न पूर्वीच चर्चिला गेला आहे. हनफी व शाफई विद्वानांनी ते नापसंत केले, कारण काम सुरू होताना मजुरीची वस्तू अस्तित्वातच नसते. हंबली मत यात सैल आहे. यातून सुटका अवघड नाही. 'इतक्या पायल्या अमुक जातीचे भात' असे माप ठरवावे, ते याच मळणीतूनच दिले पाहिजे अशी अट घालू नये. मग तो कणगीतून देवो की बाजारातून.

याहून गंभीर प्रकार मुंबईच्या गाळ्यांत चालतो. "पन्नास हजार डिपॉझिट ठेव, मशीन फुकट वापर, जाताना पैसे परत." खोल्यांच्या हेवी डिपॉझिटवरून ही कल्पना मशीनवर आली. परत मिळणारे पैसे म्हणजे कर्ज, आणि कर्जाच्या बदल्यात मशीनचा फुकट वापर म्हणजे कर्जावरचा लाभ. अनेक उलमांनी यालाच व्याजाचे रूप म्हटले आहे. नावाला उपकार आणि पोटात व्याज, हा आमच्या मते साध्या भाड्यापेक्षा वाईट सौदा. डिपॉझिट नुकसानीच्या हमीपुरते घ्यावे आणि भाडे वेगळे, वाजवी ठेवावे. उशिराबाबतही असाच फरक आहे. शेजाऱ्याने मशीन दोन दिवस जास्त ठेवले तर दोन दिवसांचे भाडे मागणे योग्य, कारण त्याने वापर घेतला. पण भाड्याचे पैसे द्यायला उशीर झाला म्हणून वर रक्कम चढवत जाणे हे थेट व्याज.

आता नुकसानीचा प्रश्न. इथे आपल्या वस्त्यांत एक गंमत आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कोकणी मुसलमान शाफई मसलकचे, तर त्याच गल्लीत काम करणारे उत्तरेकडचे कारागीर बहुतेक हनफी. फुकट घेतलेली वस्तू चोरीला गेली किंवा आगीत जळाली, तर हनफी मतानुसार ती घेणाऱ्याकडे अमानत होती. त्याचा निष्काळजीपणा नसेल तर तो भरपाई देणे लागत नाही. शाफई मतानुसार तो देणे लागतो. फक्त परवानगी दिलेल्या वापरातच वस्तू झिजली वा बिघडली तर सुटतो. शाफईंचा आधार हिजरी ८ मधल्या हुनैनच्या लढाईपूर्वीचा प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) सफवान बिन उमैया यांच्याकडून चिलखते उसनी घेतली. सफवान तेव्हा मुसलमानही झालेले नव्हते. हे जबरदस्तीने घेणे आहे का, असे त्यांनी विचारले तेव्हा ती हमीसह उसनी असल्याचे त्यांना सांगण्यात आले, आणि नंतर काही चिलखते गहाळ झाली तेव्हा भरपाई देऊ करण्यात आली. तेव्हा दोन प्रामाणिक शेजारी, दोघेही आपल्या इमामाप्रमाणे बरोबर, आणि तरीही भांडण! यावर उपाय एकच, देतानाच बोलून घेणे. भाड्याने दिलेल्या वस्तूबाबत मात्र दोन्ही मसलक एकत्र येतात. निष्काळजीपणा नसेल तर नुकसान मालकाचे. ज्याने भाडे घेतले त्याने जोखीमही घेतली.

देशाचा कायदा यापासून फार लांब नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात १४८ व्या कलमापासून निक्षेपाचे, म्हणजे दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूंचे प्रकरण आहे. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. कलम १५४ प्रमाणे ठरल्याबाहेर वापर केला तर होईल ते नुकसान त्याचे. कलम १५९ मध्ये फुकट दिलेली वस्तू मुदत ठरली असली तरी केव्हाही परत मागता येते. पण दिलेल्या शब्दावर विसंबून शेजाऱ्याने काम हाती घेतले असेल आणि अचानक परत मागण्याने त्याचे नुकसान त्याला झालेल्या फायद्यापेक्षा जास्त होत असेल, तर तेवढी भरपाई मालकाने द्यायची. वेळेवर परत न केल्यास पुढच्या हानीची जबाबदारी कलम १६१ प्रमाणे घेणाऱ्यावर.

आणि कलम १५०. इथेच आम्ही स्वतः सापडलो. वस्तूत असलेला, आपल्याला माहीत असलेला दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, फुकट देत असला तरी. भाड्याने देत असेल तर माहीत नसलेल्या दोषाबद्दलही तो जबाबदार. आमच्या कंप्रेसरची मोटर अर्ध्या तासात तापत असे, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही स्वतः तो थांबून थांबून चालवत होतो. शेजाऱ्याला आम्ही ते सांगितले नव्हते. हे कळल्यावर आम्हीच त्याच्या गाळ्यावर गेलो. तो म्हणाला, "मला वाटले तुम्हीच रागावलात, म्हणून मी तोंड दाखवत नव्हतो."

गावच्या टिलरसाठी पैशापेक्षा मोठा प्रश्न पाळीचा. पाऊस लागला की सर्वांना एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. जास्त पैसे देईल त्याच्याकडे आधी, असे केले तर विधवेचे चार गुंठे नेहमी शेवटी राहतात आणि तिची रोपे वाढून जातात. मृगाच्या आधीच वाडीत बसून पाळीची यादी करावी, वरच्या व खालच्या खाचरांच्या क्रमाने करावी म्हणजे टिलरची फेरीही वाचते. कोणाला सवलत द्यायची ती भाड्यात द्यावी, आणि मालकाने ती आपल्या सदक्यातून द्यावी, चालवणाऱ्याच्या मजुरीतून नव्हे. मजूर मजुरीला उभा आहे, त्याचा घाम वाळण्याआधी त्याचे पैसे द्यायचे आहेत.

कराबाबत थोडक्यात. शेतीची यंत्रे भाड्याने देण्याला जीएसटीत माफी आहे. कंप्रेसर किंवा शिलाई मशीन भाड्याने देण्याला ती नाही, मात्र सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. टिलर भाड्याने देऊन मिळालेले पैसे मात्र शेतीचे उत्पन्न ठरत नाहीत, ते धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. ट्रॅक्टर असेल तर विम्याचा कागद काढून वापराची अट वाचावी. स्वतःच्या शेतीपुरता विमा असेल आणि भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर कंपनीला दावा नाकारायला वाट मिळते.

आमच्या गाळ्यात आता एक शंभर पानी वही खिळ्याला टांगलेली आहे. तारीख, वस्तू, कशासाठी, सलग किती वेळ चालवायची, कोणता दोष आहे, फुकट की भाडे, परत कधी, आणि चोरी-आगीत गेली तर कोणाची. खाली दोन सह्या. देवाणघेवाण लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सूरह बकरामध्ये (२:२८२) उधारीच्या संदर्भात आहे. आम्ही तो पान्ह्याला लावत नाही, कंप्रेसरला लावतो. वहीतली पहिली नोंद त्याच फर्निचरवाल्याची आहे. भाडे दिवसाला दोनशे रुपये, अर्धा तास चालवून दहा मिनिटे बंद.