जहाजातून उतरताना

(ज्यांना चालता येत नाही किंवा कमी चालता येते, त्यांना बंदरावर कोणत्या अडचणी येतात व त्या कशा दूर करता येतात, हे या पाठात सांगितले आहे.)

मुंबईच्या बंदरातून 1995 पर्यंत हाजींची जहाजे जेद्दाहला जात. त्यांत म्हातारी माणसेही असत. कोणी काठी टेकत शिडी चढे, तर कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. आज बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला पर्यटकांची मोठी जहाजे लागतात. जहाजे बदलली, पण शिडीची अडचण पूर्ण गेलेली नाही.

समजा, तुमची नानी चाकांच्या खुर्चीवर बसते आणि तुम्ही तिला घेऊन अशा जहाजाने निघाला आहात. जहाजात लिफ्ट असते, त्यामुळे तिथे फारशी काळजी नसते. खरी परीक्षा बंदर आल्यावर सुरू होते.

मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी समुद्राचे पाणी चार मीटरहून जास्त चढते आणि ओहोटीला पुन्हा उतरते. पाण्याबरोबर जहाजही वर-खाली होते. धक्का मात्र जागेवरच राहतो. म्हणून जी शिडी सकाळी जवळजवळ सपाट असते, तीच दुपारी उभी चढण होते. अशा वेळी घाई करू नका. शिडी कोणत्या वेळी कमी उभी असेल, हे जहाजावरच्या माणसांना विचारा.

काही ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ग्रीस देशातील सँटोरिनी बेटाजवळ जहाजे समुद्रातच थांबतात. प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वर फिरा गावात जायला जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. तिथे रोपवेही आहे. परंतु लाटा मोठ्या असल्या, तर खुर्चीवरच्या माणसाला लहान बोटीत उतरवणे धोक्याचे असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे, ''जहाज धक्क्याला लागेल, की समुद्रात उभे राहील?''

आता नानीला घारापुरीची लेणी पाहायची आहेत. गेटवे ऑफ इंडियाजवळ लाँच पायऱ्यांपाशी येते. ती लाटांबरोबर हलत असते. तीत पाय टाकताना धडधाकट माणूसही दचकतो. बेटावर धक्क्यापासून थोड्या अंतरापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे मात्र सुमारे 120 पायऱ्या आहेत. डोलीवाले पैसे घेऊन वर नेतात. पण प्रत्येक वेळी दुसऱ्याने उचलून न्यावे, हे कोणाला आवडेल?

याच समुद्रात वेगळी सोयही आहे. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तिचा रुंद लोखंडी दरवाजा खाली टेकतो आणि मोटारी सरळ आत जातात. जिथून मोटारीचे चाक जाते, तिथून खुर्चीचे चाकही जाऊ शकते. समुद्र तोच आहे, भरती-ओहोटीही तीच आहे. फरक आहे तो बांधणीचा. नानीला अडवतात त्या पायऱ्या. तिचे पाय नव्हेत.

चांगल्या रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंच चढायचे असेल, तर रॅम्प निदान बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड रॅम्पवर खुर्ची ढकलताना दम लागतो आणि उतरताना ती हातातून सुटण्याची भीती असते. सार्वजनिक जागा व वाहने सर्वांना वापरता यावीत, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्यात सांगितले आहे. म्हणजे रॅम्प ही मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

मदत करण्याचीही एक रीत असते. आधी विचारा, ''मी मदत करू का? कशी करू?'' हा प्रश्न खुर्चीवरच्या माणसालाच विचारा, सोबतच्या माणसाला नव्हे. न सांगता खुर्चीला हात लावू नका. खुर्ची थांबली की ब्रेक लावा. मोठ्या उतारावर खुर्ची उलटी फिरवून हळूहळू खाली न्या, म्हणजे बसलेला माणूस पुढे पडणार नाही.

मित्रांनो, बंदर आपल्या गावात नसेल, पण पायऱ्या सगळीकडे आहेत. आज शाळेतून निघताना दारापाशी क्षणभर थांबा. नानी इथून एकटी आत येऊ शकेल का, ते पाहा.

शब्दार्थ
धक्का – जहाज लागण्याची बांधलेली जागा
भरती – समुद्राचे पाणी चढणे
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे
धडधाकट – निरोगी, तंदुरुस्त
रीत – पद्धत, तरीका

स्वाध्याय
1. सकाळी सपाट असलेली शिडी दुपारी उभी का होते?
2. तिकीट काढण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा? का?
3. 'रॅम्प ही मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
4. शाळेच्या दारातील पायऱ्यांची उंची मोजा. तिथे किती लांब रॅम्प लागेल, त्याचा हिशेब करा आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहा.