कोलेस्टेरॉलवरील औषधे आणि स्नायूंची शक्ती

बेळगावच्या दक्षिण भागातील वडगाव ही विणकरांची वस्ती म्हणून सर्वपरिचित आहे. शेजारच्या येळ्ळूर-शहापूर शिवारात भातशेती होते, तर निपाणीकडे तंबाखूचे पीक घेतले जाते. येथील बहुसंख्य लोकांचा चरितार्थ हातापायांच्या बळावर चालतो. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणे, चिखलात वाकून रोपांची लावणी करणे, आषाढात पंढरीची वाट पायी चालणे, ही सर्व स्नायूंच्या दमाची कामे होत. अशा माणसाला हृदयविकार किंवा मधुमेह जडला की डॉक्टर बहुधा स्टॅटिन गटातील गोळी सुरू करतात. पुढे मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या, की ‘गोळीने अंगातली ताकद नेली’ असे म्हणून ती परस्पर बंद केली जाते. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधाचे कार्य

रक्तातील कोलेस्टेरॉल केवळ आहारातून येत नाही. त्याचा मोठा भाग शरीर, विशेषतः यकृत, स्वतः तयार करते. या निर्मितीस आवश्यक असलेल्या एका विकराचे कार्य स्टॅटिन रोखते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ मध्ये अशा गुणाचा पहिला पदार्थ एका बुरशीतून वेगळा केला. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांतील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळून आले. हा लाभ लहान नव्हे.

स्नायूंवर होणारा परिणाम

ज्या रासायनिक मार्गाने कोलेस्टेरॉल बनते, त्याच मार्गाने सहविकर क्यू-१० हा पदार्थही बनतो. स्नायूपेशींतील ऊर्जानिर्मितीच्या सूक्ष्म केंद्रांना, म्हणजे तंतुकणिकांना, त्याची गरज असते. स्टॅटिनमुळे रक्तातील त्याचे प्रमाण घटते. तथापि तो बाहेरून गोळीच्या रूपाने दिल्यास स्नायूदुखी हटते, असे निःसंशय सिद्ध झालेले नाही.

व्यायामाने वाढणाऱ्या दमाविषयी २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक लहान अभ्यास विचारणीय आहे. ३७ स्थूल प्रौढांनी बारा आठवडे व्यायाम केला. केवळ व्यायाम करणाऱ्यांची क्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढली. सिम्व्हास्टॅटिनही घेणाऱ्यांची मात्र जेमतेम दीड टक्क्याने. उलट, नेदरलँड्समध्ये चार दिवस रोज ३० ते ५० किलोमीटर चालणाऱ्यांच्या पाहणीत (२०२३) स्टॅटिनमुळे स्नायूंची इजा वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे दम वाढण्याचा वेग काहींच्या बाबतीत मंदावणे शक्य आहे. परंतु मध्यम प्रतीचे श्रम टाळण्याचे कारण नाही.

दुखणे औषधाचे की अन्य कशाचे?

२०२२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास व्यक्तींवरील प्रयोगांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूदुखीची वा अशक्तपणाची तक्रार केली. आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकीही २६.६ टक्के लोकांनी तीच केली! पहिल्या वर्षातील दर पंधरा तक्रारींपैकी सुमारे एकच औषधामुळे उद्भवलेली होती. बाकीचे दुखणे वय, श्रम, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडची मंदता अशा कारणांचे असू शकते.

असे असले तरी प्रत्येक तक्रार काल्पनिक समजणे चुकीचे ठरेल. औषधाचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंच्या मांड्या, नितंब, खांदे किंवा पोटऱ्यांत, गोळी सुरू केल्यावर वा मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांत उद्भवते. लावणीनंतरचे ठणके सहसा चार दिवसांत ओसरतात. क्वचित प्रसंगी स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. याच कारणास्तव सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये जगभरातील बाजारातून मागे घेण्यात आले.

लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी

१. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुखणे डॉक्टरांस सांगावे. रक्ततपासणी, मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत.

२. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊन अंग अतिशय दुखत असेल व शक्ती जात असेल, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

३. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके व बुरशीवरील काही औषधे काही स्टॅटिनांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवितात. यास्तव दुसऱ्या आजारासाठी दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत.

४. चालणे व व्यायाम सोडू नये. मात्र वारीसारख्या लांब पायपिटीपूर्वी काही आठवडे आधीपासून रोजचे अंतर क्रमाक्रमाने वाढवावे.

शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांनी ही माहिती गावात समजावून सांगितल्यास, भीतीपोटी गोळी टाकून देणारा रुग्ण हृदयविकाराच्या दुसऱ्या झटक्यापासून वाचू शकेल, आणि खऱ्या दुष्परिणामाची खूणही वेळीच ओळखली जाईल.